सोयाबीनमधले तणनाशक ज्वारीला कसे भोवले? जमिनीत औषध धरले जाणे आणि वाहणे

तेरणाकाठ

नमस्कार. औसा तालुक्यात आमचे भारी काळे रान आहे. माती परीक्षणाच्या पत्रिकेनुसार सामू (पीएच) ८.२ आणि सेंद्रिय कर्ब ०.४५ टक्के आहे. जूनच्या अखेरीस सोयाबीन पेरले आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक एकरी ४०० मिली या शिफारशीनुसार फवारले. ऑगस्टमध्ये जवळजवळ तीन आठवडे पावसाने पाठ फिरवली. सप्टेंबरअखेर सोयाबीन काढून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच रानात रब्बी ज्वारी पेरली.

आता ज्वारी वीस दिवसांची झाली आहे. बाकीचे रान वीतभर वर आले असताना धुऱ्याच्या कडेने सात-आठ पावले रुंदीच्या पट्ट्यातली रोपे चार बोटांवर अडली आहेत आणि त्यांची पाने जांभळट पडली आहेत. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडला असेल असे समजून मी विद्राव्य खताची फवारणी केली, पण काडीचाही फरक पडला नाही. काल रोपे उपटून पाहिली, तर मुळे लांब जाण्याऐवजी आखूड आणि झुबकेदार झालेली दिसली. बाटली धुण्याचा ब्रश असतो, अगदी तशी. याउलट, सप्टेंबरच्या पावसात जिथे दोन-तीन दिवस पाणी तुंबले होते, त्या खोलगट जागेतली ज्वारी सर्वांत उत्तम आहे.

ज्या दुकानातून औषध घेतले तिथे मला सांगितले होते की ते मातीला लागले की निष्क्रिय होते. तसे असेल तर हे नुकसान कशाने झाले? आणि ते मातीला धरले जातच नसेल, तर पावसाबरोबर खाली का निघून गेले नाही? शिवाय या पट्ट्यापासून आमची विहीर साठ फुटांवर आहे, त्यामुळे दुसरी काळजीही लागून राहिली आहे.

ढेकूळ

तुम्ही मुळे उपटून पाहिलीत हे फार बरे केलेत, कारण पानांवरून दहापैकी आठ जण स्फुरदाच्या कमतरतेचेच निदान करतात. इमॅझेथापायर ज्या गटात मोडते त्या गटातील तणनाशके वनस्पतीमधील अमिनो आम्ले तयार करणाऱ्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे वाढीचे टोक थांबते आणि बाजूची मुळे आखूड राहून ब्रशसारखी दिसतात. मूळच खुंटल्यामुळे रोपाला स्फुरद उचलता येत नाही आणि पान जांभळे पडते. म्हणजे कमतरता खरी असते, पण तिचे कारण खतात नसते.

दुकानात सांगितलेले वाक्य एक-दोन औषधांबाबत खरे आहे आणि तेच सरसकट सगळ्यांना लावले जाते. पॅराक्वाट या तणनाशकाचे उदाहरण घ्या. त्याच्या कणावर दोन धन भार असतात. आपल्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे पापुद्रे ऋण भाराचे असतात आणि ओल आली की एकमेकांपासून दूर सरकून फुगतात. पॅराक्वाटचा कण सपाट असल्यामुळे तो पोथीच्या पानांत मोरपीस ठेवावे तसा त्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतो, आणि तिथून तो मुळाला मिळत नाही, पाण्याबरोबर वाहत नाही आणि जिवाणूंच्याही हाती लागत नाही. म्हणूनच पॅराक्वाट फवारलेल्या रानात लगेच पेरणी करता येते. मात्र जिवाणूंना न सापडल्यामुळे ते त्याच मातीत वर्षानुवर्षे पडून राहते. निष्क्रिय होणे आणि नाहीसे होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

इमॅझेथापायरची रीत याच्या उलट आहे. ते दुर्बल आम्ल आहे. सामू ८.२ असलेल्या मातीत ते जवळजवळ पूर्णपणे ऋण भाराचे होते आणि चिकणमातीचे पापुद्रेही ऋणच असल्यामुळे दोघे एकमेकांना दूर लोटतात. आम्लधर्मी जमिनीत हेच औषध सेंद्रिय पदार्थांना आणि लोहाच्या संयुगांना बऱ्यापैकी धरून राहते, पण तुमच्या रानात ते मुख्यतः मातीच्या ओलाव्यात विरघळलेल्या स्थितीत असणार. त्यामुळे ते मुळांना सहज मिळते आणि जिवाणूंनाही सहज मिळते.

आता ते खाली का गेले नाही, हा प्रश्न. पावसाच्या उघडिपीत जमिनीतले पाणी खाली न जाता वर चढते. ऊन लागले की वरचा थर सुकतो, खालची ओल केशाकर्षणाने वर येते, तिच्याबरोबर विरघळलेले औषधही येते, आणि पाणी उडून गेले की ते वरच्या दोन-तीन बोटांच्या थरात साचते. त्याच काळात कोरड्या मातीतले जिवाणू निपचित पडलेले असल्यामुळे त्याचे विघटनही थंडावते. तुमच्या तीन आठवड्यांच्या उघडिपीत हेच घडले असावे. खोलगट जागेत ओल टिकली, तिथे जिवाणूंनी काम उरकले आणि काही अंश पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरला. धुऱ्याकडेला पंप वळवताना फवारा दुहेरी पडतो, हे वेगळे सांगायला नकोच.

खोडवा

चर्चा वाचतो आहे. आमच्याकडे, वाळवे तालुक्यात, सोयाबीनपेक्षा उसाचे रान जास्त असल्यामुळे माझा संबंध अॅट्राझिन आणि मेट्रिब्युझिन या दोन तणनाशकांशी येतो. माझ्याच मळ्यातली एक गोष्ट नोंदवतो. नदीकडच्या पोयट्याच्या तुकड्यात मेट्रिब्युझिन मारून त्याच रात्री पाट सोडले, तर सरीच्या तळाशी आठवड्यात लव्हाळा आणि घोळ दोन्ही उगवून आले, पण वरंब्यावर मात्र गवताची काडी नव्हती. मधल्या भारी तुकड्यात त्याच दिवशी, त्याच मापाने फवारूनही असे झाले नाही. लव्हाळ्याचे जाऊ द्या, त्याला कोणीच आवरू शकत नाही, परंतु घोळ यायला नको होती. औषध वाहून खाली गेले असे मी धरून चाललो आहे. कोणते औषध किती वाहते हे आधी ताडता येते का?

ढेकूळ

खोडवा, अंदाज बांधता येतो आणि तो फार अवघड नाही. प्रयोगशाळेत माती, पाणी आणि औषध एकत्र हलवून ठेवतात. मग मातीला किती लागले आणि पाण्यात किती उरले, याचे गुणोत्तर काढतात. मातीतील सेंद्रिय कर्बाच्या प्रमाणात हे गुणोत्तर मांडले की जो आकडा मिळतो त्याला के-ओसी म्हणतात. बिनभाराच्या औषधांना मातीत धरून ठेवणारा मुख्य घटक सेंद्रिय कर्बच असल्यामुळे हा आकडा एका जमिनीतून दुसऱ्या जमिनीत थोडाफार लागू पडतो. मेट्रिब्युझिनचा के-ओसी ६० च्या आसपास, अॅट्राझिनचा सुमारे १००, डाययुरॉनचा ४८० च्या घरात आणि पेंडिमेथॅलिनचा हजारांत धरला जातो. कांद्यात पेंडिमेथॅलिन फवारल्यावर ते वरच्या थरातच राहते आणि खोल रुजलेल्या रोपाला त्रास न देता वर उगवणारे तण मारते, ते याच कारणाने.

आपल्याकडची अडचण कर्बाची आहे. अॅट्राझिनचा के-ओसी १०० आणि जमिनीत कर्ब ०.५ टक्के असेल, तर प्रत्यक्ष गुणोत्तर १०० चे ०.५ टक्के, म्हणजे अवघे ०.५ भरते. मातीची घनता १.३ आणि ओलाव्याचे प्रमाण ०.४ धरून हिशेब केला, तर हे औषध पाण्यापेक्षा साधारण अडीच पटींहून थोड्या अधिक मंद गतीने खाली सरकते. पाणी एक हात खाली गेले, तर औषध सुमारे पाऊण वीतच. जर्मनी-नेदरलँड्सकडच्या दोन टक्के कर्बाच्या जमिनीतला अनुभव आपल्या अर्ध्या टक्क्याच्या जमिनीला जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे.

अर्थात वाहण्याची क्षमता हा निम्माच हिशेब झाला. औषध टिकले तरच वाहणार. गुस्टाफसन यांनी १९८९ मध्ये या दोन्हींचा मेळ घालणारे एक सोपे सूत्र मांडले: अर्धायुष्याचा (म्हणजे औषध निम्मे उरायला लागणाऱ्या दिवसांचा) लॉगॅरिदम घ्यायचा आणि त्याला, ४ मधून के-ओसीचा लॉगॅरिदम वजा करून येणाऱ्या संख्येने गुणायचे. उत्तर २.८ च्या वर आले तर औषध भूजलात उतरण्याजोगे आणि १.८ च्या खाली आले तर न उतरणारे समजतात. अॅट्राझिनचे अर्धायुष्य ६० दिवस धरले तर उत्तर ३.५६ येते. टू-फोर-डीचा के-ओसी २० म्हणजे अॅट्राझिनपेक्षाही कमी आहे, पण अर्धायुष्य दहाच दिवस असल्यामुळे उत्तर २.७ वर थांबते. पेंडिमेथॅलिनचे उत्तर १.८ च्या खूपच खाली राहते.

तुमच्या पोयट्यात मेट्रिब्युझिनचे तेच झाले. ते लिटरभर पाण्यात ग्रॅमभर विरघळते, जमिनीत फारसे धरले जात नाही, आणि मातीशी बसायला त्याला एक दिवसही न देता तुम्ही पाट सोडलेत.

जांभा

मी लांजा तालुक्यातला, आंबा-काजूवाला. आमच्याकडे कर्ब तुमच्यापेक्षा जास्त, सामू साडेपाचच्या आसपास आणि पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. एवढ्या पावसात सगळे वाहूनच जात असेल असे लोकांना वाटते. बागेत झाडांखाली ग्लायफोसेट हे तणनाशक मारण्याची रीत आमच्या भागात अनेक वर्षे होती, त्यामुळे त्याच्याविषयीही लिहावे ही विनंती.

ढेकूळ

जांभा, ग्लायफोसेट हे वरच्या सूत्राला न जुमानणारे औषध आहे. ते लिटरला दहा ग्रॅमहून जास्त विरघळते. ते पाहून ते पाण्याबरोबर धावेल असे वाटते, पण तसे होत नाही. त्याच्या कणाला फॉस्फोनेटचे टोक असते, आणि ते टोक लोह व अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना थेट बांधले जाते. तांबडी जांभ्याची जमीन म्हणजे याच ऑक्साइडांचे आगर. सुपर फॉस्फेटमधला स्फुरद तुमच्या जमिनीत ज्या जागांवर अडकून बसतो आणि कलमांना मिळत नाही, त्याच जागांवर ग्लायफोसेटही बसते. सेंद्रिय कर्बाचा इथे फारसा संबंध नाही.

दोघे एकाच जागेचे दावेदार असल्यामुळे स्फुरदयुक्त खताचा मोठा हप्ता दिल्यास आधी बसलेले ग्लायफोसेट काही प्रमाणात सुटून पुन्हा ओलाव्यात येऊ शकते. दुसरी गोष्ट उताराची. मातीला घट्ट बांधलेले औषध पाण्यातून वाहत नसले तरी मातीबरोबर वाहते. उतारावरच्या बागेतली झाडांखालची जमीन उघडी पडून जुलैच्या झडीत तांबडे पाणी वहाळात उतरते, तेव्हा त्या गढूळपणातून ग्लायफोसेट आणि त्याच्या विघटनातून होणारे अॅम्पा हे दोन्ही प्रवास करतात. म्हणून घट्ट धरली जाणारी औषधे विहिरीच्या दृष्टीने बरी आणि ओढ्याच्या दृष्टीने वाईट, असे मी म्हणेन. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनंतर ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरताच मर्यादित केला गेला, पण त्यामागचे कारण आरोग्याचा धोका हे होते. जमिनीतील वर्तनाशी त्याचा संबंध नव्हता.

मोघा

शेणखत भरपूर घातले तर औषध धरून राहील आणि विहीर वाचेल, हा सरळ उपाय नव्हे का?

ढेकूळ

मोघा, काही अंशी आहे. पण जास्त धरले गेले की तणावर कमी लागू पडते, मग माणूस मात्रा वाढवतो. शिवाय ताज्या खताचा विरघळणारा भाग औषधाला सोबत घेऊन खालीही जाऊ शकतो. पूर्ण कुजलेले खत दरवर्षी थोडे थोडे देत राहणे उत्तम. त्याने जिवाणूही पोसले जातात.

परीक्षानळी

मी पाणी-माती तपासणीच्या क्षेत्रात काम करतो. विहिरीचा मुद्दा मागे पडू नये म्हणून लिहितो आहे.

वरचा सगळा हिशेब माती एकसारखी असून पाणी तिच्यातून सावकाश झिरपते, असे धरून केलेला आहे. काळ्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला मोठा पाऊस त्या भेगांतून मातीला न चाटता थेट खाली उतरतो. त्या वेळी के-ओसी कितीही असो, औषधाला धरायला वेळच मिळत नाही. पुढे भेगा मिटल्या की हीच माती पाणी इतके अडवते की निचरा होत नाही. त्यामुळे भारी जमिनीत फवारणीची तारीख फार महत्त्वाची ठरते. ऑगस्टच्या उघडिपीत पुन्हा भेगा पडल्या असतील आणि त्यानंतर मुसळधार पाऊस झाला असेल, तर तेरणाकाठ यांच्या विहिरीत काही अंश उतरण्याची शक्यता मी नाकारणार नाही. जिथे काळी माती दीड-दोन हातांवर संपून खाली मुरूम लागतो, तिथे तर अधिकच.

किती थोडे पुरते, याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. एका हेक्टरवर एक किलो अॅट्राझिन पडले आणि त्यातले फक्त एक टक्का, म्हणजे दहा ग्रॅम, खाली गेले असे धरा. त्या मोसमात १०० मिलिमीटर पाणी मुळांच्या खाली उतरले, तर ते दहा लाख लिटर होते. दहा ग्रॅम दहा लाख लिटरमध्ये म्हणजे लिटरला १० मायक्रोग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात अॅट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, आणि युरोपात कोणत्याही एका कीडनाशकासाठी ती ०.१ आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ९९ टक्के औषध जागेवर राहिले आणि तरीही पाणी मर्यादेच्या पाचपट झाले. जर्मनीने १९९१ मध्ये अॅट्राझिन बंद केले, तरी त्याचे अंश तिथल्या भूजलात पुढेही अनेक वर्षे सापडत राहिले, कारण खालच्या थंड, अंधाऱ्या, अन्न नसलेल्या थरांत जिवाणूंचे काम फार मंद चालते.

पाण्याचा नमुना देणार असाल तर प्रयोगशाळेला औषधाचे नाव आधी सांगा. सर्वसाधारण कीडनाशक तपासणीच्या यादीत इमॅझेथापायर असेलच असे नाही, आणि यादीत नसलेले औषध अहवालात दिसत नाही.

तेरणाकाठ

सर्वांचे आभार. ढेकूळ सर, एक गोष्ट सांगायची राहून गेली होती आणि ती बहुधा महत्त्वाची आहे. फवारणीच्या पहिल्या दोन पंपांत गड्याने क्लोरीम्युरॉन इथाइल या दुसऱ्या तणनाशकाची घरात उरलेली पुडी मिसळली होती. रुंद पानांचे तण जास्त होते म्हणून त्याने परस्पर निर्णय घेतला. ते दोन पंप धुऱ्यापासूनच सुरू झाले होते.

ढेकूळ

आता चित्र पुष्कळच स्पष्ट झाले, आणि माझे वरचे निदान थोडे सुधारून घ्यायला हवे.

क्लोरीम्युरॉनही त्याच विकराला अडवते, त्यामुळे मुळांवरची लक्षणे सारखीच दिसतात. परंतु सामूशी या दोघांचे नाते उलटे आहे. इमॅझेथापायर आम्लधर्मी जमिनीत जास्त धरले जाऊन रेंगाळते, आणि सामू वाढला की मोकळे होऊन जिवाणूंच्या हाती लागते. क्लोरीम्युरॉनचा कण मात्र आम्लधर्मी ओलाव्यात पाण्याच्या संयोगानेच आपोआप तुटतो. सामू सातच्या पुढे गेला की ती क्रिया जवळजवळ थांबते, आणि मग सगळा भार एकट्या जिवाणूंवर पडतो. तुमच्या ८.२ सामूच्या, तीन आठवडे कोरड्या राहिलेल्या रानात या दोन्ही वाटा बंद होत्या. मात्राही पाहा: हेक्टरी ९ ग्रॅम क्रियाशील घटक हीच त्याची पूर्ण शिफारस. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन वीस लाख किलोच्या आसपास भरते, हे लक्षात घेतले तर किती सूक्ष्म अंशावर ज्वारी अडते ते कळेल. पुडी अंदाजाने टाकली असेल तर प्रमाणाबद्दल बोलायलाच नको.

प्रयोगशाळेच्या आधी घरी कुंड्यांची चाचणी करा. पट्ट्यातली ० ते १० सेंटिमीटर आणि १० ते २० सेंटिमीटर थरांतली माती वेगळी घ्या. खोलगट जागेची एक आणि औषध न पडलेल्या बांधावरची एक. प्रत्येकीत ज्वारीचे दहा दाणे टाका. पट्ट्यातल्या वरच्या थराची एक कुंडी जादा करून तिच्यात सक्रिय कोळशाची भुकटी नीट मिसळा. कोळसा अशा औषधांना शोषून घेतो. त्या कुंडीत रोप सुधारले तर दोष मातीत मोकळ्या असलेल्या औषधाचा आहे. स्फुरदाचा असता तर कोळशाने काही फरक पडला नसता.

तेरणाकाठ

अठरा दिवसांनी कळवतो आहे. बांधावरची आणि खोलगट जागेतली माती, दोन्हींत ज्वारी सारखीच, टवटवीत. पट्ट्यातल्या वरच्या थरात दहापैकी नऊ दाणे उगवले, पण दुसऱ्या पानावर अडले आणि मुळे पुन्हा तशीच ब्रशासारखी. १० ते २० सेंटिमीटर थरातली रोपे थोडी बुटकी, पण हिरवी. कोळशाच्या कुंडीतले रोप बांधावरच्या रोपाच्या बरोबरीला आले आहे. आईने ती कुंडी तुळशीशेजारी ठेवून घेतली आहे.

याचा अर्थ औषध अजून वरच्याच थरात मोकळे आहे आणि खाली थोडेच सरकले आहे, असा मी लावतो. विहिरीचा नमुना दोन्ही औषधांची नावे लिहून दिला आहे. पट्ट्यातली ज्वारी मोडून तिथे वखराची पाळी दिली आणि हलके पाणी सोडले, म्हणजे ओल राहील पण पाणी खाली जाणार नाही. आता तिथे गहू टाकावा का?

ढेकूळ

अर्थ बरोबर लावलात. गव्हाची घाई करू नका. इमॅझेथापायरच्या अमेरिकेतील लेबलवर पुढच्या पेरणीसाठी गव्हाला ४ महिने आणि शुगर बीटला ४० महिने थांबायला सांगितले आहे. पिकापिकांत एवढा फरक पडतो. तुमचे चार महिने नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भरतात, पण क्लोरीम्युरॉनचा हिशेब त्यात धरलेला नाही. पट्टा ओलसर ठेवून तीन आठवड्यांनी त्याच मातीत गहू आणि ज्वारी अशा दोन्ही कुंड्या पुन्हा लावा, आणि या वेळी वरचा थर ५ सेंटिमीटरचाच घ्या.